पुणेरी पाटी : उगम, प्रसार आणि विक्री

पुणेरी पाटी म्हणजे पुण्याच्या जुन्या पेठांत दारावर, भिंतीवर, जिन्याखाली किंवा दुकानातल्या गल्ल्यामागे लावलेली लेखी सूचना. ती बहुतेक वेळा नकारार्थी असते, तिचे वाक्य पूर्ण असते आणि शुद्धलेखन निर्दोष असते. इतर शहरांतला फलक ‘येथे गाडी लावू नये’ एवढ्यावर थांबतो. पुणेरी पाटी तिथून सुरू होते. गाडी का लावू नये, यापूर्वी ती कोणी लावली होती, त्या गाडीच्या चाकांतल्या हवेचे पुढे काय झाले आणि इतके वाचूनही जो लावेल त्याच्या शिक्षणाविषयी घरमालकाचे काय मत आहे, एवढा ऐवज दीड फूट बाय एक फूट जागेत बसवणे ही तिची खासियत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही पाटी दारावरून उतरून टी-शर्टवर, कॉफीच्या मगावर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर चढली आहे. आलेल्या माणसाला परत पाठवण्यासाठी निघालेली वस्तू आता माणसे बोलावण्याच्या कामी येते. जाहिरातीच्या धंद्यात असे उलटे वळण फार थोड्या वस्तूंच्या नशिबी आले असेल.

पाटीचे मूळ वाड्यात आहे. एका दिंडी दरवाज्याआड दहा-बारा बिऱ्हाडे, मधे चौक, चौकात एकच नळ, जिन्याखाली सायकली आणि वरच्या मजल्यावर मालक, अशी ही रचना होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला बाहेर काढणे जवळपास अशक्य करून ठेवले. मालकाला भाडे वाढवता येईना, भाडेकरूला घालवता येईना आणि दोघांनाही एकमेकांचे तोंड पाहवेना. या परिस्थितीत कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेली साधने दोनच होती : फळा आणि खडू. नळाच्या वेळा, दिंडी दरवाजा बंद करण्याची वेळ, चौकात वाळवणे घालण्याचे नियम आणि ‘काही बिऱ्हाडांना’ दिलेली समज हे सगळे फळ्यावर येऊ लागले. ती ‘काही’ बिऱ्हाडे म्हणजे नेमके कोणते एक बिऱ्हाड, हे वाड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. तोंडी भांडणात व्याकरणाकडे दुर्लक्ष होते. लेखी भांडणात समोरचा चुका काढतो. पुणेरी पाटीचे शुद्धलेखन चांगले असण्याचे कारण भाषाप्रेमात कमी आणि या भीतीत जास्त आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली. नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे पडले आणि माणसे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत पांगली. त्यांच्या सामानाबरोबर पाटीही गेली. पुढे सहकारी गृहरचना संस्था आल्या आणि पाटीला सचिव नावाचा पूर्णवेळ लेखक मिळाला. वाड्याच्या मालकाला निदान मालमत्तेचा आधार होता. सचिवाला फक्त भाषेचा. त्यामुळे या काळातल्या पाट्यांत ‘सर्व सभासदांना पुन्हा एकदा निदर्शनास आणून देण्यात येते की’ अशी लांब प्रस्तावना आणि शेवटी ‘हुकुमावरून’ ही सही आढळते. हुकूम कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

पाटीच्या लांबीवर तंत्रज्ञानाचा परिणाम झाला आहे आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. लाकडी फळीवर ऑइलपेंटने लिहिणारा पेंटर पैसे घेत असे, म्हणून त्या काळी राग चार शब्दांत बसवावा लागे. संगणक आला आणि राग स्वस्त झाला. योगायोग असा की, देवनागरी संगणकावर आणण्याच्या कामात पुणेच आघाडीवर होते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे मुख्यालय इथे आणि मराठी छापखान्यांत सर्वत्र पोहोचलेली ‘श्री-लिपी’ ही प्रणाली तयार करणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनीही इथलीच. ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ हे सी-डॅकचे फॉन्ट शासकीय पत्रव्यवहाराइतकेच पार्किंगच्या वादांतही कामी आले. आता मजकुराला मर्यादा उरली नाही. ए-फोर कागद, त्यावर ठळक अक्षरे, महत्त्वाच्या शब्दांखाली दोन रेघा, वर लॅमिनेशन आणि चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, असे पाटीचे आधुनिक रूप याच काळात ठरले. लॅमिनेशन पावसासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात ते वाचकाने पेनाने उत्तर लिहू नये म्हणून असते.

दुकानातली पाटी ही वेगळी शाखा. ‘आमची कोठेही शाखा नाही’, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘सुटे पैसे द्यावेत’ आणि ‘उधारीचा विषय काढू नये’ हे तिचे चार आधारस्तंभ. या शाखेला लौकिक मिळवून देण्यात पु. ल. देशपांडे यांच्या मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या तुलनेचा मोठा वाटा आहे. त्यातल्या पुणेरी दुकानदाराने ध्वनिफितींवरून घराघरांत प्रवेश केला. शहराचा एवढा प्रचार महापालिकेने कधी केला नाही. प्रचार करणारे गृहस्थ मुळात पार्ल्याचे होते, ही गोष्ट मात्र पुणेकर सोयीने विसरतात.

याच शाखेतला सर्वांत नामांकित नमुना म्हणजे दुपारची विश्रांती. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू करणाऱ्या चितळे कुटुंबाने १९५० मध्ये पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ हे दुकान काढले. हे दुकान दुपारी १ ते ४ बंद राहत असे. पहाटेपासून दुधाच्या कामात असलेल्या माणसांनी दुपारी जेवून पाठ टेकावी यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आश्चर्य गिऱ्हाइकाचे आहे. दुकान उघडण्याची वेळ लोकांच्या लक्षात राहावी म्हणून जगभर कंपन्या पैसे ओततात. इथे दुकान बंद असण्याची वेळ अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाली आणि तिच्यावर एक पैसा खर्च झाला नाही. या विनोदाचे भांडवल इतके साठले की, २०१७ च्या जुलैपासून दुकान दुपारीही उघडे राहणार हे जाहीर होताच ती बातमी देशभर छापून आली. वस्तू व सेवा कर लागू झाला तो याच महिन्यात. पुणेकरांनी दोन्ही बदलांकडे सारख्याच संशयाने पाहिले आणि सवयीने काही दिवस चारनंतरच गेले.

दुपारचा हा वारसा केवळ सदाशिव पेठेचा नाही, हे सांगायला हवे. कँपातल्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून चालणारी कयानी बेकरी इराणी कुटुंबाची. तीही दुपारी बंद होते आणि श्रूजबरी बिस्किटांसाठी दार उघडण्याआधीपासून रांग लागते. पुण्याचे हवामान मूळ पंथाचा विचार न करता सर्व दुकानदारांवर सारखाच परिणाम करते.

आता ‘आमची कोठेही शाखा नाही’ या वाक्याचे काय झाले ते पाहू. पुण्यातली अमृततुल्ये ही राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी रुजवलेली संस्था. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘आद्य अमृततुल्य’ निघाले आणि मागोमाग चौकाचौकांत देवादिकांची नावे घेतलेली अमृततुल्ये उभी राहिली. रस्त्याकडे तोंड करून ओटा, ओट्यावर चकचकीत पितळी पातेले, शेजारी मांडी घालून बसलेले मालक, खलबत्त्यात कुटले जाणारे आले-वेलदोडे आणि फडक्यातून गाळलेला चहा, हा सगळा थाट. चहाचे प्रमाण मालकाच्या मनगटात असे, म्हणून शाखा निघणे शक्यच नव्हते. मनगट एकाच ठिकाणी असते.

२०१५ नंतरच्या दशकात हे मनगट पाकिटात आले. ‘येवले’, ‘सायबा’, ‘प्रेमाचा चहा’ अशा नावांनी फ्रँचायझी निघाल्या. ठरलेली मसाला-चहाची भुकटी, ठरलेले मोजमाप, ठरलेला रंग, आतून उजेड पडणारा ॲक्रिलिकचा फलक आणि ‘शाखा घेण्यासाठी संपर्क साधा’ हा दूरध्वनी क्रमांक. चहाचा दर ज्या ठिकाणी बारीक अक्षरांत आहे त्याच ठिकाणी हा क्रमांक ठळक अक्षरांत असतो. त्यावरून मुख्य विक्री कशाची आहे ते कळते. एका रस्त्यावर तीन निरनिराळी अमृततुल्ये शेजारी शेजारी आली की, तिन्हींच्या फलकांवर आपले तेच मूळ, जुने आणि खरे असल्याचा दावा असतो. जुनेपणाचा पुरावा म्हणून ‘सिन्स’ हा शब्द इंग्रजी वळणाच्या अक्षरांत आणि पुढे साल. काका हलवाई आपले साल १८९२ सांगतात तेव्हा त्याला वजन असते; समोरच्या टपरीवरच्या ‘सिन्स २०२१’ने घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही हे साल लिहिले जाते, कारण डिझाइन करणाऱ्याकडच्या साच्यात ती जागा रिकामी असते.

शाखा निघाल्या तशी वाड्याचीही शाखा निघाली. जुना वाडा पुनर्विकासाला गेला की त्याचे सागवानी खांब, तुळया, कोनाड्यांच्या चौकटी आणि कड्यांसह दरवाजे जुन्या बाजारात जातात. तिथून त्यातले काही एखाद्या महाराष्ट्रीय थाळीच्या उपाहारगृहात येतात. नवीन उपाहारगृहाची सजावट जवळपास ठरून गेली आहे : छताला टांगलेली सायकल, कंदिलात एलईडी दिवा, पाणी प्यायला तांब्या, हात पुसायला गोधडीच्या नक्षीचा कागद, भिंतीवर जात्याची पाळी आणि प्रवेशद्वारापाशी कोणीही न वापरलेला खलबत्ता. ज्या वाड्यात महिना पंधरा रुपये भाडे देताना कुरकूर होत असे, त्याच वाड्याच्या खांबाला टेकून लोक पिठल्याचे चारशे रुपये आनंदाने देतात. मालकवर्गाचा हा सूड उशिरा उगवला आहे. दुर्दैवाने खांब मालकाने आधीच भंगारवाल्याला वजनावर विकलेला असतो.

या उपाहारगृहांत पाट्या असतातच. त्या मुद्दाम करून घेतलेल्या असतात. मजकूर लिहिणारा जाहिरात कंपनीत नोकरीला असतो, अक्षरे हस्ताक्षरासारखी दिसणाऱ्या एखाद्या तयार फॉन्टची असतात आणि पाटी जुनाट दिसावी म्हणून कडांना तपकिरी रंग मारतात. जेवणाऱ्याला त्या टोचत नाहीत, कारण टोचू नयेत अशाच बेताने त्या लिहून घेतल्या आहेत. अस्सल आणि नक्कल पाटी ओळखण्याच्या काही खुणा सांगता येतात. अस्सल पाटीत एखादा विशिष्ट अपराधी डोळ्यांसमोर असतो. नकली पाटीत संपूर्ण मानवजात. अस्सल पाटीत वेळ, तारीख किंवा बिऱ्हाडाचा क्रमांक येतो. नकली पाटीत यमक येते. अस्सल पाटी वाचून माणूस क्षणभर गप्प होतो, नकली पाटी वाचून मोबाइल काढतो. सर्वांत खात्रीची कसोटी अशी : पाटीत सांगितलेला गुन्हा करून पाहावा. मालक बाहेर आला तर पाटी अस्सल, वेटर बाहेर येऊन हसला तर नक्कल. बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र हा भेद रुचत नाही. ते खास अपमान करून घ्यायला आलेले असतात आणि दुकानदार चुकून गोड बोलला तर आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटते.

पाटीची प्रतिस्पर्धी परंपरा म्हणजे फ्लेक्स. डिजिटल छपाई चौरस फुटाच्या भावात मिळू लागली तेव्हापासून पुण्याच्या चौकांवर तिचे राज्य आहे. पाटीत मजकूर असतो आणि लिहिणाऱ्याचे नाव नसते. फ्लेक्सवर मजकूर नसतो, नावेच असतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सची मांडणी ठरलेली आहे. मधोमध उत्सवमूर्ती, पूर्णाकृती, पांढरे शुभ्र कपडे, डोळ्याला गॉगल, एक हात मोबाइल कानाला लावलेला. मागे वीज, ढग, सिंह किंवा तिन्ही. वरच्या ओळीत वरिष्ठ नेत्यांची मुंडकी वर्तुळात. वर्तुळाचा व्यास पक्षातल्या ज्येष्ठतेनुसार, आणि फ्लेक्स बनवणाऱ्याच्या दुकानात खरी चर्चा होते ती या व्यासांवर. खाली शुभेच्छुकांची रांग. संगणकावर बसलेल्या पोराच्या अंगी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला हेवा वाटावा असे ज्ञान असते : कोणते दादा कोणत्या अण्णांच्या शेजारी चालणार नाहीत, मागच्या महिन्यात कोणी पक्ष बदलला आणि म्हणून कोणाचा फोटो जुन्या फाइलमधून काढायचा, हे त्याला वर्तमानपत्राच्या आधी कळते.

फ्लेक्सवरील सर्वांत टिकाऊ पद ‘भावी’ हे होय. पुणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. या काळात शहरात एकही नगरसेवक नव्हता. भावी नगरसेवक मात्र प्रत्येक प्रभागात डझनाने होते. त्यांच्या वाढदिवसांत खंड पडला नाही. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आणि उच्च न्यायालयाचे वेळोवेळचे आदेश यांमुळे फ्लेक्स उतरवले जातात. उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर तो उलटा अंथरला जातो आणि झोपडीत आतून वर पाहणाऱ्याला शुभेच्छा मिळत राहतात.

अक्षरांच्या आकारावरही एक कायदा आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने फलकावर देवनागरीतले मराठी नाव आधी असावे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा नियम सर्व दुकानांना लागू केला. मद्याच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत, हेही त्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पेंटरांची दिवाळी चांगली गेली. फर्ग्युसन रस्ता, कोरेगाव पार्क, बाणेर इथल्या फलकांवर इंग्रजी नावे जशीच्या तशी ठळक देवनागरीत उतरली. कायदा पाळला गेला, पण अक्षर लावून वाचणाऱ्या आजोबांची पंचाईत झाली. पूर्वी त्यांना इंग्रजी येत नव्हते म्हणून दुकान कशाचे ते कळत नसे. आता पूर्ण वाचता येते आणि तरी कळत नाही.

घरांच्या नावांत हाच प्रवास थोड्या वेगळ्या वाटेने झाला. ‘श्रमसाफल्य’, ‘मातृछाया’, ‘कृतार्थ’ ही बंगल्यांवरची नावे कर्ज फिटल्याची किंवा आई गेल्याची नोंद करत. नव्या गृहसंकुलांची नावे ‘ब्लू रिज’, ‘लाइफ रिपब्लिक’, ‘फॉरेस्ट ट्रेल्स’ अशी आहेत. डोंगर, प्रजासत्ताक आणि अरण्य एकाच तालुक्यात मिळण्याची सोय जगात इतरत्र नसावी. याला अपवाद आहे तो बोलका आहे. मगरपट्टा आणि नांदेड इथे शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकून टाकली नाही, एकत्र येऊन स्वतः विकसित केली. तिथे शिवाराचे आणि गावाचे नाव टिकले, पुढे फक्त ‘सिटी’ लागले. बाकी ठिकाणी गावाच्या नावाची अडचण वाटते म्हणून शेजारच्या वजनदार उपनगराला ‘ॲनेक्स’ जोडण्याची पद्धत पडली आहे. कोथरूड ॲनेक्स, एनआयबीएम ॲनेक्स अशी ठिकाणे नकाशावर नसतात, माहितीपत्रकात असतात. तिथली अंतरे किलोमीटरमध्ये नसून मिनिटांत दिलेली असतात आणि ती मिनिटे पहाटे तीनला मोजलेली असतात. सदाशिव पेठ ॲनेक्स काढण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. मूळ सदाशिव पेठेने त्याविरुद्ध पाटी लावली असती.

‘पुणेरी’ या विशेषणाला बाजारभाव आला तो क्रीडाक्षेत्रामुळे. २०१४ मध्ये प्रो कबड्डीत ‘पुणेरी पलटण’ उतरली आणि दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये, विजेती ठरली. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ‘पुणेरी बाप्पा’ नावाचा क्रिकेट संघ आला. आयपीएलने मात्र हे विशेषण घेतले नाही आणि त्याचे फळ भोगले. २०१६ मध्ये आलेल्या ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ या संघाने पहिल्या हंगामानंतर नावाच्या शेवटचे ‘स्’ काढून टाकले. नाव बदलले, नशीबही बदलले; संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात गेला आणि मुंबईकडून एका धावेने हरला. एक अक्षर कमी केले आणि एक धाव कमी पडली, हा हिशेब पेठांतल्या माणसांनी त्या रात्रीच जुळवला. मुंबईकडून हरल्याचे दुःख त्यामुळे थोडे शास्त्रशुद्ध झाले.

वस्तूंमध्ये हे विशेषण सर्वांत आधी कायदेशीर झाले ते पगडीसाठी. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रोज पगडी घालणारा माणूस तोपर्यंत शहरातून नाहीसा झाला होता, त्यामुळे मानांकनाचा लाभ मुख्यतः सत्कार समित्यांना झाला. पाहुण्याच्या डोक्याचे माप आधी कोणी घेत नाही. सत्काराच्या छायाचित्रांत पगडी एकतर भुवयांवर उतरलेली किंवा तळव्याएवढ्या जागेवर तोललेली दिसते. पगडी कोणती, यावरही पुण्यात वाद होऊ शकतो आणि होतो. २०१९ मध्ये विद्यापीठाने पदवीप्रदान समारंभाचा विलायती झगा काढून देशी पोशाख आणला, तेव्हा डोक्यावर पुणेरी पगडी असावी की फुले पगडी, यावरून समारंभातच घोषणा झाल्या. पुढे मेट्रोने डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरे मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची केली. नदीकाठावरून पाहिले तर आकार कळतो. स्थानकात उभ्या असलेल्या प्रवाशाला तो दिसण्याची सोय नाही, कारण तो पगडीच्या आत असतो. हिंजवडी ते शिवाजीनगर या टाटा आणि सीमेन्स यांच्या मार्गानेही ‘पुणेरी मेट्रो’ हेच नाव घेतले.

‘आय लव्ह’ फलकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मिल्टन ग्लेसर यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कसाठी केलेले लाल बदामाचे चिन्ह फिरत फिरत पुण्याच्या उपनगरांत पोहोचले आणि चौकाचौकांत ‘आय लव्ह’च्या पुढे त्या त्या वस्तीचे नाव अशी रात्री उजळणारी अक्षरे उभी राहिली. खाली संकल्पना सुचलेल्या माननीयांचे नाव असते. ॲम्स्टरडॅम शहराने गर्दीला कंटाळून आपली अशीच प्रसिद्ध अक्षरे २०१८ मध्ये संग्रहालयासमोरून हटवली. पुण्यात तशी वेळ आलेली नाही. अक्षरांतले एक-दोन दिवे गेले की प्रेम आपोआप अर्धवट राहते.

पाटी शासनदरबारीही रुजू झाली आहे. मतदान करा, कचरा वेगळा करा, हेल्मेट घाला असे सांगायला सरकारी यंत्रणा पुणेरी पाटीचा आधार घेतात. हेल्मेटच्या बाबतीत परिणाम दिसत नाही. पुणेकराला पाटी लिहिता येते. दुसऱ्याने लिहिलेली पाळण्याची सवय त्याला कधीच नव्हती.

सध्या पाटीचा प्रसार परदेशात वेगाने होत आहे. सुट्टीवर आलेली मंडळी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेच्या आसपास मिळणारी चुंबकाची छोटी पाटी नेतात. न्यू जर्सीत किंवा सॅन होजेत स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ अशी सूचना झळकते. त्या गावांत फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे येत नाही आणि दुपारी घरात कोणी नसतेही, त्यामुळे सूचनेचे पालन शंभर टक्के होते. अडचण येते ती निराळीच. तिथल्या काही नव्या स्टीलच्या फ्रिजांना चुंबक चिकटत नाही. त्यासाठी पुण्यातल्या विक्रेत्यांनी मागे दुहेरी चिकटपट्टी लावलेल्या पाट्या ठेवायला सुरुवात केली आहे. त्यांचा दर थोडा जास्त असतो आणि तो कमी होत नाही.